कर्ता कोण, ते आधी इंग्रजीत सांगा

परदेशात वाढणारं मराठी मूल "मी भूक आहे" म्हणालं की घरात हशा पिकतो. "मी आंबा आवडतो" म्हणालं तर तो किस्सा पुढच्या गणेशोत्सवापर्यंत पुरतो. कोणी दुष्टपणे हसत नाही, मान्य. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला कौतुकाचं हसू आणि थट्टेचं हसू वेगळं कळत नाही. चार वेळा असं झालं की ते मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायला लागतं. मग फोनवर आजीशी बोलायचं तर मध्ये आई दुभाषी म्हणून बसवावी लागते.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही चूक मुलाची इंग्रजी पक्की असल्यामुळे होते, आणि तिचा इलाजही इंग्रजी व्याकरणातच आहे. मराठीतली विभक्ती घोकायला लावण्याआधी मुलाला इंग्रजी वाक्य उलगडून दाखवा. कर्ता कोणता, क्रियापद कोणतं, कर्म कोणतं, हे त्याला त्याच्या ओळखीच्या भाषेत सापडू द्या.

इंग्रजी वाक्यात कर्त्याची खुर्ची क्रियापदाच्या आधी असते आणि ती सहसा रिकामी राहत नाही. बसायला कोणी नसेल तर 'इट'ला बसवतात. 'इट इज रेनिंग' मधला 'इट' कोण? कोणीच नाही, नुसता खुर्ची राखायला बसवलेला. आपण 'पाऊस पडतोय' म्हणतो. 'जेवलास का?' या प्रश्नात तर 'तू' उच्चारावाही लागत नाही, तो क्रियापदातच दडलेला असतो.

'द डॉग कॉट द कॅट' मध्ये कुत्रा आणि मांजर यांची जागा बदला, शिकारी बदलतो. मराठीत 'कुत्र्याने मांजराला पकडलं' म्हणा किंवा 'मांजराला कुत्र्याने पकडलं' म्हणा, पकडलं जातं ते मांजरच. इंग्रजीत जे काम जागा करते, ते मराठीत 'ने' आणि 'ला' करतात.

आता 'आय लाइक मँगोज' घ्या. इथे खुर्चीवर 'आय' आहे. मराठीत क्रियापद आंब्याच्या मागे जातं: मला आंबा आवडतो, कैरी आवडते, आंबे आवडतात. तुमच्या मुलाने 'आय'च्या जागी 'मी' ठेवला. त्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. 'आय हॅव' हीसुद्धा अशीच अडचण. भाऊ असेल तर 'मला भाऊ आहे', गाडी असेल तर 'माझ्याकडे गाडी आहे'. 'हॅव'ला मराठीत एकच शब्द नाही, हे मुलाला कोणी सांगितलंय का?

आणि 'खाल्ला-खाल्ली'चा गोंधळ? दादाने पोळी खाल्ली, ताईनेही पोळी खाल्ली. खाणारा कोणीही असो, इथे क्रियापद पोळीचं ऐकतं. कर्म म्हणजे काय हे माहीत असलेल्या मुलाला हे पाच मिनिटांत कळतं. माहीत नसलेलं मूल वर्षभर ठोकताळे बांधत राहतं.

यावर पालकांचं ठरलेलं उत्तर असतं: "आपण कुठे व्याकरण शिकून बोलायला लागलो? ऐकून ऐकून येईल." आपण दिवसभर ऐकलं हो! घरात, गल्लीत, एसटीत, शाळेत. तुमचं मूल घरातली चार वाक्यं आणि रविवारच्या मराठी शाळेतले एक-दोन तास ऐकतं. तेवढ्यावर कान तयार होत नाही.

दुसरं उत्तर: "हे शाळेत शिकवतातच." इंग्लंडमध्ये २०१३ पासून सहावीच्या मुलांची व्याकरणाची परीक्षा होते, तिथे 'फ्रंटेड अ‍ॅडव्हर्बियल'सुद्धा ओळखावं लागतं. तिथल्या पालकांचं निम्मं काम झालेलं आहे, फक्त ते ज्ञान मराठीकडे वळवायचं. अमेरिकेत तसं नाही. तिथल्या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९८५ मध्ये सुट्या व्याकरणाच्या घोकंपट्टीविरुद्ध ठराव केला. १९६३ च्या एका गाजलेल्या अहवालाने तर नुसतं व्याकरण शिकवून लेखन सुधारत नाही, असंच बजावलं होतं. असेलही. पण तो प्रश्न इंग्रजी मुलांनी इंग्रजी लिहिण्याचा होता. आपला प्रश्न एका भाषेतून दुसरीत पाऊल टाकण्याचा आहे, आणि त्याला पायाखालची जमीन माहीत असावी लागते.

हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी मराठी माध्यमात शिकलेल्या तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाचवीत पहिल्यांदा 'सब्जेक्ट' आणि 'ऑब्जेक्ट' हे शब्द ऐकले, आणि कर्ता-कर्माच्या ओळखीवरच ते पचवले. कोणाच्या घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. मराठीच्या खांद्यावर उभं राहून तुम्ही इंग्रजी शिकलात. तीच वाट मुलाला उलटी चालायची आहे. तुम्ही ती चालून आलेले असताना त्याला एकट्याला का सोडता?

मराठी शाळा चालवणाऱ्यांनाही विनंती आहे. बाराखडीनंतर थेट सणांच्या माहितीवर उडी मारू नका. दोन तास इंग्रजी वाक्यं फळ्यावर मांडा आणि शेजारी त्यांची मराठी वाक्यं लिहा. कर्त्याखाली एक रेघ, कर्माखाली दोन. रेघा कुठे सरकतात ते मुलांनाच शोधू द्या.

आणि घरी पुढच्या वेळी "मी भूक आहे" ऐकू आलं, तर आधी पानावर वाढा. मग विचारा, 'आय अ‍ॅम हंग्री' मध्ये कर्ता कोण?