सोडून दिलेलं राज्य

शनिवारी सकाळी सहाला गाडी काढली तेव्हा प्लॅन अगदी साधा होता. सातारा, तिथून औंध, जमलंच तर आटपाडी आणि रात्री पुण्यात परत. सोबत कॉलेजची मैत्रीण, जुनी गाणी आणि माझा फोन. फोनचं वेगळं सांगतेय, कारण खंबाटकी घाट चढेपर्यंत तो चार वेळा वाजला होता. सोमवारी रिलीज. टीममध्ये सात जण, सातही हुशार. पण शेवटचा ‘ओके’ माझा, पासवर्ड माझ्याकडे आणि क्लायंटशी बोलणार तेही मीच.

‘‘तू सुट्टीवर आहेस, की नुसतीच ऑफिसबाहेर आहेस?’’ मैत्रिणीनं विचारलं. मी गाण्याचा आवाज वाढवला.

सातारा मागे टाकून रहिमतपूरच्या रस्त्याला लागलं, की हायवेची घाई आपोआप उतरते. आधी ऊस, आल्याची शेतं, मग हळूहळू माळ. एका टपरीवर चहाला थांबलो. बाकावर एक आजोबा पेपर वाचत होते, तेही जगाचं पान.

‘‘काय म्हणतंय जग, आजोबा?’’

‘‘जग काय म्हणायचंय? ज्याला खुर्ची घावली त्यो उठत न्हाई.’’

एका वाक्यात अग्रलेख! आम्ही हसलो खरं, पण गाडीत बसल्यावर हिशेब मांडला. चीननं २०१८ मध्ये अध्यक्षपदाची दोन टर्मची मर्यादाच काढून टाकली. रशियानं २०२० मध्ये घटना बदलली आणि पुतिन यांना २०३६ पर्यंतची वाट मोकळी झाली. लांबचं कशाला, आपल्याकडे पुणे महापालिकेची आणि सातारा-सांगलीच्या झेडप्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ तिथे लोकांनी निवडलेलं कुणी नव्हतंच, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. आणि मी? मला त्याचा पत्ता तरी होता का? आमच्या गल्लीचा नगरसेवक कोण, हे मला तो असतानाही माहीत नव्हतं.

हे डोक्यात घेऊन औंधला पोचलो. डोंगरावर यमाईचं देऊळ आणि त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावर भवानी संग्रहालय. आत रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पसुद्धा. हेन्री मूर, खटाव तालुक्यात! हा सगळा संग्रह औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा. सूर्यनमस्काराचं वेड जगभर पोचवणारे ते हेच.

पण यांची खरी गंमत भिंतीवर टांगता येण्यासारखी नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये, सत्तरीच्या राजानं जाहीर केलं, की राज्य प्रजेच्या हाती देणार. नुसतं भाषण नव्हे. जानेवारी १९३९ मध्ये रीतसर घटना आली. औंधच्या ७२ गावांनी आपापले पंच निवडायचे, गावांतून तालुका आणि तालुक्यांतून विधिमंडळ. सत्ता खालून वर. सल्ला गांधीजींचा, आग्रह ऑक्सफर्डहून शिकून आलेल्या मुलाचा, अप्पासाहेब पंतांचा आणि खटपट मॉरिस फ्रीडमन नावाच्या एका पोलिश इंजिनिअरची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हिटलरनं पोलंडवर हल्ला केला. आपला देश रणगाड्यांखाली जात असताना हा माणूस खटाव-आटपाडीच्या गावांना राज्य चालवायला शिकवत होता. जगाचं पान आणि जिल्ह्याचं पान इतकं चिकटलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

‘‘राजा होता म्हणून परवडलं,’’ मैत्रीण म्हणाली. ‘‘पोट थोडंच मारलं जाणार होतं?’’

पॉइंट होता. पण मग बाकीच्या राजांनाही परवडलं असतंच की. त्यांना का नाही सुचलं?

दुपारी विट्यात जेवून भिवघाटमार्गे आटपाडी. म्हणजे आपण सांगली जिल्ह्यात, पण जुन्या नकाशात अजून औंधातच. औंध संस्थान असं तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं होतं. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. १९३९ मध्ये तिथे बिनभिंतींचा तुरुंग सुरू झाला. कैद्यांनी कुटुंबासह राहायचं आणि शेती करायची. ही कल्पनाही फ्रीडमनचीच. त्यावरूनच पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा गदिमांची. आणि गदिमा कुठले? आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, औंधच्या शाळेत शिकलेले! १९५८ मध्ये हा सिनेमा बर्लिनला गेला आणि रौप्य अस्वल घेऊन आला. ज्या शहरातून पोलंडवर रणगाडे सोडायचा हुकूम निघाला, तिथे.

बाहेरूनच पाहिलं आम्ही. डाळिंबाच्या बागा, धूळ, शांतता. फोटो काढण्यासारखं काहीच नाही. मी मात्र बराच वेळ उभी होते. खुनाची शिक्षा झालेल्या माणसाला कुणीतरी म्हणालं होतं, की जा, शेत नांगर, संध्याकाळी परत ये. आणि मी माझ्या टीममधल्या सज्जन मुलाला पासवर्ड देत नाही.

औंधचा प्रयोग दहा वर्षंही टिकला नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि ७२ गावांची ती घटना इतिहासजमा झाली. फसला म्हणायचा का? माहीत नाही. पण जे आपल्याला सोडवत नाही ते आपल्याच भागात कुणीतरी सोडून दाखवलंय, एवढं आता मला विसरता येणार नाही.

परतताना कऱ्हाडला कॉफीला थांबलो तेव्हा फोन पुन्हा वाजला. मी पासवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘‘तुम्हीच ठरवा. सोमवारी मला विचारू नका.’’ मग पुण्यापर्यंत दर दहा मिनिटांनी फोन पाहत होते. तो एकदाही वाजला नाही.

सोमवारी रिलीजमध्ये एक घोळ झाला. त्यांचा त्यांनीच निस्तरला, मला मंगळवारी कळलं. खरं सांगू? जरा वाईटच वाटलं. त्या राजालाही वाटलं असेल का हो?