सुई आधी, पेटी मागून

दिवाळीच्या खरेदीत सुटकेशीच्या आकाराचा रेकॉर्डप्लेअर आणण्याची हौस आता कोपरीसारख्या मध्यमवर्गीय वस्तीतही पोहोचली आहे. हौसेला मोल नसते, हे खरे. पण तिच्यापायी आजोबांच्या तबकड्यांचा बळी जावा, हे आम्हांस मान्य नाही. या स्वस्त पेट्यांतली सुई बहुधा ५-६ ग्रॅम भार टाकते. चांगल्या यंत्राला सुमारे २ ग्रॅम पुरतात. शिवाय ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद, तर १९४८ साली अवतरलेल्या लाँगप्लेची अरुंद. दोघींना एकच सुई लावणे म्हणजे दाभणाने रेशीम शिवणे, नाही तर शिवणसुईने गोणपाट!

‘चांगले यंत्र परवडत नाही हो,’ असे कोणी म्हणेल. मग पेटीच्या दिखाव्याला मोजता ते पैसे सुईला मोजा. जुने यंत्र दुरुस्त करून घ्या, त्याला हिऱ्याची नवी सुई बसवा. हिराबाई बडोदेकरांचा स्वर ज्या खाचेत आहे, ती एकदा झिजली की कोणताही कारागीर ती पुन्हा कोरून देणार नाही. तेवढी सोय होईपर्यंत, रसिकहो, तबकडी पाकिटात उभी असलेलीच बरी.