शेतजमीन, भूखंड आणि आपण

नागपूर शहर आपली वेस ओलांडून चहूंकडे पसरत चालले आहे. हिंगणा, कामठी, उमरेड या वाटांवर जेथे कापूस व तूर उभी असे, तेथे आता खुंट्या ठोकून भूखंड पाडलेले दिसतात. घरे नकोत असे आमचे म्हणणे नाही. दाटीच्या वस्त्यांत कोंडलेल्या आमच्या बांधवांना घर हवेच आहे. परंतु ही वाढ कोणाच्या हक्कावर होत आहे, हे पाहिले पाहिजे.

1964 च्या डिसेंबरात कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांसाठी देशव्यापी सत्याग्रह केला. हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. त्याच कर्मवीरांच्या नावाने शासनाने 2004 मध्ये योजना काढली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास चार एकर कोरडवाहू अथवा दोन एकर बागायत जमीन विकत घेऊन द्यावयाची, अशी ही योजना. (धम्मदीक्षेने हा हक्क जातो असे कोणी सांगत असेल, तर ते साफ खोटे आहे, योजनेच्या पात्रतेतच नवबौद्ध आहेत.) 2018 मध्ये ती शंभर टक्के अनुदानाची झाली आणि खरेदीची मर्यादा कोरडवाहूस एकरी 5 लाख, बागायतीस 8 लाख रुपये ठरली. आता जेथे शेताचे मोल पिकावरून नव्हे, तर चौरस फुटावरून ठरते, तेथे कोणता मालक या दराने शासनास जमीन देईल? मर्यादा कितीही वाढविली तरी दलालाचा भाव तिच्या पुढेच धावणार. म्हणजे कागदावर हक्क आहे आणि शिवारात जमीन नाही!

ज्यांच्याकडे शासनाने दिलेली जमीन आहे त्यांनीही सावध असावे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असा शेरा असता जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. दलाल इसारपत्र करवितो, मुखत्यारपत्रावर सही घेतो आणि निघून जातो; शर्तभंग ठरून जमीन सरकारजमा झाली म्हणजे विकणारा आणि भूखंड घेणारा असे दोघेही बुडतात. पुष्कळदा हे दोघेही आपलेच असतात.

शेती विभागातील जमीन निवासी विभागात घेताना 1966 च्या नगररचना अधिनियमाप्रमाणे सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. महानगर प्राधिकरणाच्या हद्दीतील 719 गावांपैकी आपले गाव असेल, तर अशी सूचना विहारात मोठ्याने वाचून दाखवावी. गावातील भूमिहीन कुटुंबांची यादी जोडून मुदतीच्या आत लेखी हरकत द्यावी, आणि पोच घेतल्याखेरीज कचेरी सोडू नये.