सुट्टीतल्या कमाईवर कर्जाचा हप्ता धरू नका



गेल्या आठवड्यात माती परीक्षणाचा अहवाल न्यायला एक बागायतदार कचेरीत आले आणि खिशातून दुसराच कागद काढून बसले. मुलगा एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी इंग्लंडला निघालेला. जमीन तारण ठेवून कर्ज काढायचे आणि जून ते सप्टेंबर या तिथल्या सुट्टीत मुलाने पूर्ण वेळ काम करून पहिला हप्ता पाठवायचा, असा त्यांचा हिशेब. असाच हिशेब आणखी काही घरांत चालू असेल, म्हणून आज खतांऐवजी हे लिहितो.

ब्रिटनमध्ये विद्यापीठात पदवी किंवा त्यावरचे शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तास काम करता येते. आठवडा सोमवार ते रविवार धरतात. दोन ठिकाणी काम केले तर तासांची बेरीज होते. या आठवड्यात १२ तास भरले म्हणून पुढच्या आठवड्यात २८ चालत नाहीत. पाटाची पाळी हुकली तर पुढच्या पाळीला दुप्पट पाणी मिळते का? तसेच हे.

सुट्टीत मात्र पूर्ण वेळ काम चालते. पण सुट्टी कोणती, हे विद्यापीठ ठरवते, आणि मेख इथेच आहे. बी.एस्सी.च्या मुलाला उन्हाळा मोकळा असतो. एक वर्षाच्या एम.एस्सी.चे वर्ग उन्हाळ्यात संपतात, पण प्रबंध लिहायचा असतो; म्हणून तो काळ सहसा सत्रातच धरला जातो. म्हणजे तिथेही २० तासच! अभ्यासक्रम पुरा झाल्यावर व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर पूर्ण वेळ काम करता येते.

स्वतंत्र धंदा सुट्टीतही करता येत नाही. मोबाईलवर ऑर्डर घेऊन घरोघरी जेवण पोचवण्याचे काम पुष्कळदा याच सदरात मोडते, हे मुलांना तिथे गेल्यावर कळते. नियम मोडला तर व्हिसा रद्द होऊ शकतो. मुलगा परत येईल, बोजा सातबाऱ्यावर राहील.

तेव्हा कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी मुलाला किंवा मुलीला विद्यापीठाकडून सत्राच्या व सुट्टीच्या तारखा लेखी मागवायला सांगा. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. फी आणि वर्षभराचा राहण्या-खाण्याचा खर्च कमाई शून्य धरून मांडून पाहा.

बोलण्याच्या नादात त्या बागायतदारांचा अहवाल माझ्या टेबलावरच राहिला. स्फुरद कमी आहे. हे वाचले असेल तर येऊन घेऊन जावा.