‘खुशाल वापरा’ एवढं पुरेसं नाही!

दर शनिवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक गुहा अवतरते. चिरंजीव (वय वर्षं चौदा) आणि त्याचे चार मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि तलवारीचा वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. परवा माझी आई पुण्याहून आली होती. तासभर कौतुकानं बघत बसली आणि म्हणाली, "अरे, हे तर सोंगट्या आणि कीर्तन एकत्र केल्यासारखं आहे! मराठीतून का नाही खेळत?"

"आजी, नियम इंग्लिशमध्ये आहेत ना," चिरंजीव उत्तरले.

खरं सांगायचं तर आज त्या खेळाचे मूळ नियम मराठीत आणायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही. पण आपल्याच मंडळांत बसवलेलं बालनाट्य पुन्हा करायचं म्हटलं, की परवानगी कोणाकडे मागायची हेच कोणाला ठाऊक नसतं. हे उलटं चित्र मला बोचतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी त्या खेळाची हकीकत. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला. पुढे तो ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीकडे आला आणि २००० साली कंपनीनं त्याचे मूळ नियम एका खुल्या परवान्याखाली जगाला दिले. आम्ही अमेरिकेत एम.एस. करताना लिनक्सवर पोसलेली मंडळी. आम्हाला ही कल्पना ओळखीची होती. घ्या, बदला, विका, फक्त परवाना सोबत ठेवा. त्या भरवशावर कित्येक लहान प्रकाशकांनी संसार थाटले.

आणि जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना यापुढे ‘अधिकृत’ नाही, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर उत्पन्न असेल तर त्यावर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी द्या! खेळाडू खवळले. जुन्या परवान्यात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द होता, पण ‘मागे न घेता येणारा’ हा शब्द नव्हता. एका शब्दाच्या अभावी तेवीस वर्षांचा विश्वास टांगणीला लागला. शेवटी कंपनीनं माघार घेतली आणि २७ जानेवारीला सुमारे ४०० पानांचे नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या परवान्याखाली देऊन टाकले. त्यात तो शब्द आहे. मूळ कर्त्याचा उल्लेख करा आणि खुशाल वापरा. आता कंपनीलाही तो परवाना परत घेता येत नाही. ट्रेडमार्क आणि बाकीच्या पुस्तकांतल्या कथा, चित्रं मात्र कंपनीकडेच राहिली. दान दिलं म्हणजे घरदार दिलं असं नव्हे!

आता आपल्या अंगणात येऊ. मी पूर्वी दुसऱ्या एका देशात होतो. तिथल्या मंडळाच्या मराठी शाळेत एका बाईंनी तीन वर्षं खपून मुलांसाठी सुंदर स्वाध्याय-पुस्तिका केल्या. बाई भारतात परतल्या, पत्ता बदलला, समिती बदलली. नव्या शिक्षिकांनी त्या छापायच्या म्हटल्यावर समिती म्हणाली, "नको, उद्या कोणी आक्षेप घेतला तर?" जाताना बाई म्हणाल्या होत्या, "वापरा हो खुशाल!" पण ते ऐकणारं तिथे कोणीच उरलं नव्हतं. पुस्तिका कपाटात राहिल्या आणि मुलं पुन्हा ‘अ अननसाचा’पासून झेरॉक्सवर!

कायदा आपल्या बेफिकिरीला माफ करत नाही. सिंगापुरात कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतर ७० वर्षं टिकतो, भारतात ६० वर्षं. म्हणजे आज गणेशोत्सवात बसवलेलं प्रहसन आपल्या पतवंडांनासुद्धा बिनघोर करता येणार नाही, केवळ कोणी एक ओळ लिहिली नाही म्हणून.

काहीजण म्हणतील, "खेळाच्या नियमांवर कोणाचाच हक्क नसतो, मग परवाना कशाला?" अर्धं बरोबर. कॉपीराइट कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. पण मंगळागौरीच्या खेळांची, नवकंकरीची, सागरगोट्यांची कोणी छान लिहिलेली माहिती, काढलेली चित्रं, बसवलेला कार्यक्रम ही मांडणीच असते.

दुसरे म्हणतील, "खुलं ठेवलं तर कोणी चोरेल. पचिसीवरून बेतलेल्या लूडोचं पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ साली निघालंच ना?" निघालं. पण त्या पेटंटनं आपल्या आज्यांच्या सोंगट्या थांबवल्या नाहीत. सोंगट्या थांबल्या, कारण आपण आज्यांकडून त्यांचे नियम लिहून घेतले नाहीत. उलट खो-खो पाहा. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं समिती नेमून नियम बांधायला घेतले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. लिहिलेलं आणि वाटलेलं टिकतं. मुठीत धरलेलं घामानं भिजून जातं.

लेखणीवर ज्यांचं पोट आहे त्यांनी आपले हक्क जरूर राखावेत. त्यांचं मानधन बुडवा असं मी म्हणत नाही. मी बोलतोय ते तुमच्या-माझ्यासारख्या हौशी मंडळींबद्दल, ज्यांना पैसा नको असतो, फक्त खाली नाव हवं असतं. खुल्या परवान्यात नाव राहतंच. तीच तर त्याची अट आहे!

तेव्हा मंडळांपुढे माझी मागणी साधी आहे. प्रत्येक संहितेवर, स्वाध्यायावर, खेळाच्या माहितीवर लेखकाच्या संमतीनं तारीख घालून एक ओळ छापा: ‘लेखकाचं नाव देऊन कोणीही वापरावं, बदलावं, क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेयनिर्देश ४.०’. आणि यंदा आईवडील इथे येतील, तेव्हा त्यांच्या लहानपणीचा एक तरी खेळ नियमांसकट लिहून घ्या.

सुरुवात घरापासून. हा लेख नावासकट कोणीही, कुठेही छापावा. वर सांगितलेला परवाना यालाही लागू आहे. आणि आमच्या टेबलावर मराठी भाषांतराला हात घातला गेला आहे. ‘डंजन मास्टर’ला आजीनं ‘सूत्रधार’ म्हणायचं ठरवलंय. बघा, पटतंय का!