शाळेचे दार आणि दारापर्यंतची वाट

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये मुलींच्या उच्च शिक्षणाविषयी एक महत्त्वाचा निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ झाले. पूर्वी ही सवलत निम्मी होती. ह्या निर्णयाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. तथापि एक प्रश्न उरतोच. दर्यापूर किंवा तेल्हारा तालुक्यातील शेतमजुराच्या मुलीचे शुल्क माफ झाले, पण अमरावतीत किंवा अकोल्यात तिने राहावे कोठे आणि जेवावे कोठे?

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या वऱ्हाडने फार पूर्वी शोधले होते. डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी, शेतकरी कुटुंबात झाला. गावातील शाळा संपल्यावर चांदूर रेल्वे, कारंजा लाड, अमरावती आणि पुढे पुणे असा त्यांचा शिक्षणप्रवास झाला. खेड्यातील मुलाला प्रत्येक पुढच्या वर्गासाठी घर सोडावे लागते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. म्हणूनच विलायतेतून उच्च विद्या संपादन करून परतल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. तेथे सर्व जातींच्या मुलांना प्रवेश होता. एका पंगतीस बसणे हाच त्या काळी मोठा धडा होता.

१९३० मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात शिक्षण आणि कृषी ही खाती त्यांच्याकडे आली. मंत्रिपद १९३३ मध्ये संपले. परंतु १९३२ साली स्थापन झालेली श्री शिवाजी शिक्षण संस्था आजही शाळा-महाविद्यालये चालवीत आहे. पुढे ते स्वतंत्र भारताच्या मंत्रिमंडळात दहा वर्षे कृषिमंत्री होते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले व त्यांच्याच नावाने ओळखले जाते. सत्तेच्या हाती आदेश असतो, पण त्या आदेशाचा लाभ घेण्याइतके बळ गरिबाला संस्था देते. पंजाबरावांनी दोन्ही मार्ग अवलंबिले, हे त्यांचे वेगळेपण आहे.

राज्यशासनाला ह्याची जाणीव नाही, असे म्हणता येणार नाही. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी असलेल्या वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या योजनेला डॉ. पंजाबराव देशमुख यांचेच नाव दिले आहे. मात्र भत्ता वेळेवर हाती पडला तरच त्याचा उपयोग. खानावळीचे पैसे दरमहा द्यावे लागतात. वर्ष सरता सरता मिळालेला भत्ता तोपर्यंत काढलेल्या कर्जाच्या फेडीतच जातो.

प्राथमिक शिक्षणाबाबतही हाच विचार लागू पडतो. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभाराव्यात, असा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. एका शिक्षकाने चार वर्ग सांभाळावेत ह्यापेक्षा पुरेसे शिक्षक, ग्रंथालय व प्रयोगशाळा असलेली शाळा बरी, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. परंतु मेळघाटात, धारणी व चिखलदरा तालुक्यांत, पाड्यावरील लहानशी शाळा बंद झाली तर सहा वर्षांच्या कोरकू बालकाने पावसाळ्यात ओढा ओलांडून कसे जावे? वाहनाची आणि निवासाची खात्रीशीर सोय आधी व्हावी, विलीनीकरण नंतर, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शासनाला प्रश्न विचारताना आपण स्वतःलाही विचारला पाहिजे. अमरावती धर्मप्रांत १९५५ मध्ये स्थापन झाला. आपल्या मिशनऱ्यांनी व धर्मभगिनींनी शाळेबरोबर बोर्डिंगही चालविले, कारण मूल मुक्कामी राहिल्याशिवाय टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होते. आज शहरांतील आपल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांपुढे प्रवेशासाठी रांगा लागतात. त्या रांगेत आपल्याच धर्मग्रामातील मजुराचे मूल असते काय? शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के प्रवेशांचे बंधन अल्पसंख्याक संस्थांना नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून मोठ्या पीठाच्या विचारार्थ तो सरन्यायाधीशांपुढे ठेवला. घटनेने दिलेला आपला अधिकार जपलाच पाहिजे. पण गरिबाला जागा देण्यासाठी आपल्याला न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणापत्रात निर्धन व निराधार मुलांची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी आपल्यावर सोपविली आहे.

धर्मग्रामांनाही ह्यात करण्यासारखे पुष्कळ आहे. दहावी-बारावीचे निकाल लागण्यापूर्वीच उत्पन्नाचे, जातीचे व रहिवासाचे दाखले काढून ठेवण्यास पालकांना मदत करावी. कोणती योजना कोणाला लागू आहे, हे मिस्सानंतर समजावून सांगावे. शहरात राहणाऱ्या कुटुंबांनी खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याच्या एका वेळच्या जेवणाची जबाबदारी घेतली, तरी एखादे शिक्षण मध्येच खुंटणार नाही.

कफर्णहूमच्या त्या घरात प्रभू येशू होता, पण पक्षाघाती माणूस स्वतःच्या पायांनी तेथवर पोहोचू शकत नव्हता. चौघांनी त्याला उचलून नेले आणि वाट नव्हती तेव्हा छप्पर उघडून वाट केली. शासनाने शुल्काचे दार उघडले आहे. दारापर्यंत नेणारे चौघे आपल्याला व्हावयाचे आहे.