परळ की डोंबिवली?

मुंबईतील नोकरदार कुटुंबात घर घेण्याचा विचार सुरू झाला की एका कागदावर मधोमध रेघ मारली जाते. एका बाजूस परळ-लालबाग, दुसऱ्या बाजूस डोंबिवली. चौरस फुटाचा भाव, बँकेचा हप्ता, पाण्याची वेळ, शाळा, स्टेशनपासूनचे अंतर, अशी जुळवाजुळव चार-सहा महिने चालते आणि अखेर बहुधा भावाच्या रकान्यातच निकाल लागतो. एका ठिकाणी कोटींची भाषा, दुसऱ्या ठिकाणी लाखांची. जिथे आजोबांनी गिरणीत पाळी केली, त्या वस्तीत नातवाला एक खोलीही परवडत नाही. हे ऋतुमानासारखे आपोआप घडले आहे, अशा थाटात कुटुंब ते स्वीकारते.

वस्तुतः त्या रकान्यातील प्रत्येक आकडा कोणाच्या तरी निर्णयाने तेथे आलेला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप मोडला आणि मालकांना कापडापेक्षा जमिनीची किंमत अधिक दिसू लागली. गिरण्यांखालची ही जमीन सुमारे ६०० एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ती विकण्यास वाट दिली, परंतु अट घातली: ढोबळमानाने एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली त्या नियमात एक दुरुस्ती झाली. वाटणी सर्व जमिनीची नव्हे, तर इमारती नसलेल्या मोकळ्या जागेचीच, असे ठरले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. शेकडो एकरांचे भवितव्य अशा रीतीने एका शब्दाच्या अर्थावर ठरले. परळला परवडणारी घरे का नाहीत, याचे उत्तर बाजारात शोधणाऱ्याने आधी ती दुरुस्ती वाचावी.

डोंबिवलीला नाके मुरडणाऱ्यांची मुंबईत वाण नाही, आणि ती वृत्ती अनाठायी आहे. चाळीतून उठलेल्या मराठी माणसाने त्या गावात वाचनालये, नाट्यगृह, शाळा उभ्या केल्या; २०१७ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले. उणीव माणसांत नाही. ती कारभारात आहे. औद्योगिक वसाहतीला लागून घरे वाढू दिली गेली आणि मे २०१६ व मे २०२४ मधील रासायनिक कारखान्यांतील स्फोटांनी त्याची किंमत वसूल केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. बनावट परवानग्यांच्या आधारे त्यांनी महारेराची नोंदणीदेखील मिळवली होती. कर्ज काढून तेथे राहावयास गेलेल्या कुटुंबांनी कागदपत्रे पाहिली नव्हती असे नव्हे. कागदच खोटे होते.

आता कागदावर कधीच न लिहिला जाणारा आकडा पाहावा. डोंबिवली स्टेशन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ४८ किलोमीटर आहे. घरापासून कामापर्यंत जाण्यायेण्यास रोज तीन तास धरले आणि महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस, तर वर्षाला ९०० तास होतात. वीस वर्षांच्या कर्जाच्या काळात हे १८,००० तास, म्हणजे आठ तासांच्या २,२५० पाळ्या, बिनपगारी. स्वस्त घराची उरलेली किंमत ती हीच. जी स्त्री नोकरीही करते आणि पहाटे डबेही भरते, तिच्या वाट्याला त्यांतला भार दुप्पट येतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांनी प्राण गमावले; त्यांचा हिशेब तर कोणत्याच हप्त्यात बसत नाही.

परळ सुखाचे आगर आहे असा याचा अर्थ नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये तेथील एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. गिरण्या जाऊन कचेऱ्या आल्या, पण पूल गिरण्यांच्याच काळातले राहिले. पुनर्विकासात फुकट घर मिळालेल्या जुन्या भाडेकरूंनाही उंच इमारतीच्या देखभालीचा खर्च पेलत नाही आणि त्यांतील काही घर विकून त्याच लोकलने कल्याणच्या दिशेने जातात. तरीही परळला १९२६ पासून केईएम रुग्णालय आहे, १९४१ पासून टाटा रुग्णालय आहे. डोंबिवलीचा रुग्ण गंभीर झाला की तो इकडेच आणला जातो.

म्हणूनच गिरणी कामगारांना बदलापूरच्याही पलीकडे, शेलू आणि वांगणी येथे घरे देऊ करण्यात आली, तेव्हा त्यांच्या संघटनांनी ती नाकारून जुलै २०२५ मध्ये आझाद मैदान गाठले, यात आडमुठेपणा पाहणे हा अन्याय आहे. कामगाराने कागदावर तासांचा रकाना आखला, एवढेच. मुंबईतील गिरण्यांची जी जमीन अद्याप सरकारी महामंडळाच्या ताब्यात आहे, तिच्यावर पहिला हक्क त्याचा आहे. परळच्या कार्यकर्त्याने जमिनीचा प्रश्न लढवावा आणि डोंबिवलीच्या कार्यकर्त्याने लोकलचा, ही आजवरची वाटणी आता मोडली पाहिजे. परळच्या जमिनीची मागणी डोंबिवलीच्या फलाटावरून झाली पाहिजे, आणि डोंबिवलीला सुसज्ज सार्वजनिक रुग्णालय व पुरेशा गाड्या मिळाव्यात हा ठराव परळच्या सभेत मंजूर झाला पाहिजे.